जिभेच्या नकाशाची गोष्ट

जिभेचे ते चित्र आपल्यापैकी अनेकांनी वहीत काढले असेल: टोकाला गोड, कडांना खारट व आंबट आणि मुळाशी कडू. शाळेत असताना आम्हीही ते काढले आणि घरी येऊन जिभेच्या टोकाला कारल्याचा रस लावून पाहिला. तो तेथेही कडूच लागला! वर्गात तसे सांगितल्यावर "पुस्तकात आहे तेच लिहा" असे उत्तर मिळाले. आपल्याच जिभेत काही खोट असावी, असे आम्हाला कितीतरी दिवस वाटत राहिले.

जीभ निर्दोष होती. चूक चित्रात होती आणि ती तेथे कशी शिरली याचा इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यावा असा आहे.

विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली. संवेदनाही मोजता येतात, हा तेथील संशोधनाचा पाया होता. चवीचे मोजमाप करायचे तर द्रावण अधिकाधिक पातळ करत जायचे आणि चव जेमतेम कळते ती पातळी शोधायची. हा त्या चवीचा 'उंबरठा'. उंबरठा जितका खाली, तितकी संवेदनक्षमता जास्त. याच पद्धतीने डेव्हिड हेनिग यांनी साखर, मीठ, आम्ल आणि क्विनीन यांची द्रावणे जिभेच्या कडेने ठिकठिकाणी लावून पाहिली. त्यांचा प्रबंध १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. गोड टोकाला, आंबट कडांना आणि कडू मुळाशी किंचित लवकर कळते, असे त्यांना आढळले. एका जागी एकच चव कळते, असा मात्र त्याचा अर्थ नव्हता.

पुढे १९४२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एडविन बोरिंग यांनी संवेदनांच्या प्रायोगिक अभ्यासाचा इतिहास सांगणारा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी हेनिग यांच्या आकड्यांवरून सापेक्ष संवेदनक्षमता काढली आणि तिचा आलेख दिला. फरक प्रत्यक्षात किती लहान आहेत, हे त्या आलेखाच्या प्रमाणावरून वाचकाला उमगत नव्हते. जेथे रेषा खाली उतरली होती तेथे ती चव कळतच नाही, असा समज झाला. पाठ्यपुस्तकांत उतरताना उतार-चढावांच्या जागी ठळक सीमारेषा आल्या. प्रयोग कोणीच खोटा केला नव्हता. 'थोडे कमी' याचे 'मुळीच नाही' झाले, एवढेच.

१९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी हे मोजमाप पुन्हा केले. जागोजागी फरक आढळले, पण ते अगदी थोडे होते. शरीररचनाही हेच सांगते. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाच्या चवीचा संदेश एक चेता नेते, मागच्या भागाचा दुसरी. नकाशा खरा असता, तर पुढच्या भागाची चेता निकामी झालेल्या माणसाला गोड कळायलाच नको होते. तसे होत नाही. गेल्या काही दशकांत चवीचे ग्राही रेणूही सापडले. चव ओळखणाऱ्या पेशी वेगवेगळ्या असतात. पण एकाच रुचिकलिकेत त्या शेजारी-शेजारी नांदतात. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये वेगळी म्हणून ओळखलेल्या 'उमामी' या पाचव्या चवीला तर या नकाशात जागाच नव्हती.

हे सारे वर्गात पडताळणे सोपे आहे. साखरेचे पाणी, मिठाचे पाणी, लिंबाचा रस आणि कारल्याचा रस घ्यावा. प्रत्येक मुलाला प्रत्येक चवीसाठी कापूस गुंडाळलेली नवी काडी द्यावी आणि मधून मधून चूळ भरायला लावावी. जीभ बाहेर ठेवूनच मुलाने चवीच्या नावाच्या चिठ्ठीवर बोट ठेवावे. जीभ आत गेली की रस सगळीकडे पसरतो. एक पथ्य मात्र पाळावे: चित्र आधी दाखवू नये. काय लागणार हे ठाऊक असले की मन तेच शोधू लागते, आणि इतकी वर्षे हा नकाशा टिकला त्याचे हेही एक कारण असावे.

मुलांच्या नोंदी आधी फळ्यावर लिहून घ्याव्यात, मग पुस्तक उघडावे. एखादीने "मला टोकालाही कडू लागले" असे सांगितले, तर तिचे उत्तर खोडू नये. तिने निरीक्षण केले आहे.