मीठ, सोनें आणि औषधाचा साका

बोनकोडे हें गांव आतां नव्या मुंबईच्या कोपरखैरण्यांत सामावून गेलें आहे. पण पश्चिमेस ठाण्याची खाडी व तिच्या कांठचा गाळ अजून आहे. डोंगरावरून येणाऱ्या गोड्या पाण्यांत मातीचे अतिसूक्ष्म कण दिवसचे दिवस तरंगतात; खारें पाणी मिळतांच ते एकमेकांस चिकटून जड होतात व खालीं बसतात. खाडीस गाळ देणारा हा नियम औषध करणारास मात्र वैऱ्यासारखा आहे. कारण शिरेंतून द्यावयाच्या औषधाच्या गुठळ्या झाल्या, तर औषध असून नसल्यासारखेंच.

१८५७ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मायकेल फॅरडे यानें सोन्याचे इतके बारीक कण पाण्यांत तरंगत ठेवले, कीं पाणी माणकासारखें लाल दिसूं लागलें. त्याच्या कांहीं कुप्या तेथें अद्यापि जपलेल्या आहेत. त्या पाण्यांत थोडें मीठ पडतांच लाली जाऊन निळसर छटा येई. आधीं जिलेटिन घातलें असतां ती सहसा येत नसे. कणांवर एकाच जातीचा विद्युद्भार असल्यामुळें ते परस्परांस दूर लोटतात. मीठ तो भार झांकतें, आणि मग जवळ आलेल्या कणांतील स्वाभाविक ओढ वरचढ ठरते. या झगड्याचें गणित १९४१ मध्यें डेर्यागिन व लांडाउ यांनीं आणि १९४८ मध्यें फेर्वे व ओव्हरबेक यांनीं मांडलें.

त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, व्हेनेझुएलांतील ओरिनोको नदीकडच्या मातींत सांपडलेल्या एका जीवाणूपासून अँफोटेरिसिन-बी हें औषध मिळालें. बुरशीच्या प्राणघातक रोगांवर तें मोठें प्रभावी; पण पाण्यांत विरघळण्याचें नांव घेईना! तेव्हां पित्ताम्लापासून होणाऱ्या, साबणासारख्या डीऑक्सिकोलेटचा आधार देऊन त्याचें कलिल बनविण्यांत आलें. तें डेक्स्ट्रोजच्या पाण्यांतच मिसळावें लागतें. सलाइनमध्यें त्याचा साका होतो. गंमत अशी कीं, या औषधानें मूत्रपिंडें बिघडतात म्हणून तीं राखण्यासाठीं वैद्य रोग्यास सलाइनच देतात. मात्र निराळें, औषधापासून दूर ठेवून.

मूत्रपिंडांचा हा घात टाळण्यासाठीं औषध स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म पिशव्यांत कोंडण्याची युक्ति निघाली. परदेशीं अशा पिशव्या सुकवून त्यांची भुकटी करतात, म्हणजे तरंगत ठेवण्याचा प्रश्न ऐन वेळेपर्यंत लांबतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. नीलिमा क्षीरसागर व दिल्ली विद्यापीठांतील प्रा. बच्छावत यांच्या कार्यांतून सिद्ध झालेलें औषध याहून वेगळें. तें सलाइनमध्यें तरंगतें असेंच कुपींत राहतें, आणि देण्यापूर्वीं सुमारें पाऊण तास कुपी ध्वनिलहरींच्या यंत्रांत धरून त्यांतील कण पुन्हा बारीक करावे लागतात. कोणी यास अर्धवट काम म्हणेल. आम्हांस तर ही तडजोड शहाणपणाची वाटते. सुकविण्याचा खटाटोप वाचतो, आणि तीं पंचेचाळीस मिनिटें कोणत्याही मोठ्या रुग्णालयास परवडण्याजोगीं आहेत.

२०२१ च्या उन्हाळ्यांत कोविडमागून काळ्या बुरशीचा रोग महाराष्ट्रांत पसरला, तेव्हां या कुप्यांसाठीं लोक गांवोगांव हिंडले. ज्यांस त्या मिळाल्या, त्यांच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेस औषध मिसळण्यापूर्वीं आणखी एक गोष्ट पाहावी लागे: हातांतल्या कुपीवरील सूचना कोणती, आणि शेजारच्या बाटलींत पाणी डेक्स्ट्रोजचें आहे कीं मिठाचें.