सभा, मिरवणूक आणि बंदूक : अमेरिकेंतील सशस्त्र निदर्शनांवरील निर्बंधांची परंपरा

सार्वजनिक सभेस किंवा निदर्शनास जातांना नागरिकानें उघडपणें रायफल बरोबर न्यावी किंवा नाहीं, हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आतां केवळ पोलिसांचा किंवा विधिमंडळाचा राहिलेला नाहीं. तो इतिहाससंशोधनाचा प्रश्न झाला आहे. ता. २३ जून २०२२ रोजीं तेथील सुप्रीम कोर्टानें ब्रूएन खटल्याचा निकाल देतांना असें ठरविलें कीं, शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर सरकार जो निर्बंध घालील तो राष्ट्राच्या ऐतिहासिक परंपरेशीं सुसंगत आहे हें सरकारनेंच सिद्ध केलें पाहिजे. या निर्णयामुळें सुमारें सातशें वर्षांपूर्वींचा एक इंग्रजी कायदा पुनः न्यायाधीशांच्या मेजावर येऊन पडला आहे. जुन्या कागदाच्या अर्थावर आजच्या माणसांची निर्भयता अवलंबून असेल, तर तो कागद पक्षपात न करितां वाचणें हें इतिहासाभ्यासकाचें कर्तव्यच ठरतें. म्हणून प्रस्तुत लेखांत या निर्बंधांची परंपरा तपासून पाहण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रश्नाचें मूळ अमेरिकन घटनेच्या पहिल्या दोन दुरुस्त्यांत आहे. पहिलीनें लोकांस शांततेनें एकत्र जमण्याचा हक्क दिला. दुसरीनें शस्त्रें ठेवण्याचा व बाळगण्याचा. दोन्ही दुरुस्त्या ता. १५ डिसेंबर १७९१ रोजीं एकाच वेळीं मान्य झाल्या. परंतु हे दोन्ही हक्क एकाच माणसानें, एकाच जागीं, एकाच क्षणीं बजावूं म्हटलें तर काय करावयाचें, हें त्यांपैकीं एकींतहि सांगितलेलें नाहीं. हें मौन पुढील सर्व वादाचें उगमस्थान आहे.

(१) नॉर्दॅम्प्टनचा कायदा

इ. स. १३२८ त, तिसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दीच्या आरंभीं, नॉर्दॅम्प्टन येथें भरलेल्या पार्लमेंटनें एक कायदा केला. राजाचे सेवक व अंमलदार यांखेरीज कोणीहि, मग तो थोर असो वा सामान्य, राजाच्या न्यायाधीशांसमोर सशस्त्र येऊं नये, शांतताभंग होईल असें बळ जमवूं नये, आणि जत्रांत, बाजारांत किंवा अन्यत्र रात्रीं वा दिवसां हत्यारबंद फिरूं नये, असा त्याचा आशय आहे. शासन हत्यारें जप्त करण्याचें व राजाची मर्जी असेपर्यंत कैदेचें. दुसऱ्या एडवर्डला पदच्युत करून पुरतें दीड वर्षहि लोटलें नव्हतें. सरदारांच्या सशस्त्र टोळ्या देशांत फिरत होत्या. त्या काळाच्या पार्श्वभूमीवर हा कायदा वाचला पाहिजे.

या कायद्याचा अर्थ दोन प्रकारें लावला जातो. एका पक्षाच्या मतें लोकवस्तींत हत्यार घेऊन फिरणें हाच मुळीं गुन्हा होता. दुसऱ्या पक्षाच्या मतें नुसतें हत्यार बाळगणें हा गुन्हा नसून, लोकांस दहशत बसेल अशा रीतीनें तें बाळगणें हा गुन्हा होता. दुसरा पक्ष इ. स. १६८६ च्या सर जॉन नाइट याच्या खटल्याचा आधार घेतो. ब्रिस्टल येथील हा गृहस्थ बंदुका घेऊन रस्त्यांतून व प्रार्थनामंदिरांत गेला, असा त्याजवर आरोप होता. ज्यूरीनें त्यास निर्दोषी ठरविलें. परंतु तो सुटला तो कायदा शिथिल होता म्हणून, कीं पुरावा अपुरा होता म्हणून, यावर विद्वानांत अद्यापि एकवाक्यता नाहीं. इ. स. १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानें प्रॉटेस्टंट प्रजेस आत्मरक्षणार्थ शस्त्रें ठेवण्याची मुभा दिली खरी; पण तींहि ज्याच्या त्याच्या दर्जास योग्य व कायद्यास संमत असलींच पाहिजेत, अशी मर्यादा घालूनच. पुढें इ. स. १७६९ त ब्लॅकस्टननें घातक व असाधारण हत्यारें घेऊन फिरणें आणि त्यायोगें सज्जन प्रजेस भय उत्पन्न करणें हा सार्वजनिक शांततेविरुद्धचा गुन्हा म्हणून नमूद केला. अमेरिकन वकिलांची पहिली पिढी याच ग्रंथावर वाढली.

ब्रूएन निर्णयांत बहुमतानें दुसऱ्या पक्षाच्या बाजूनें कौल दिला. एकटा मनुष्य आत्मरक्षणासाठीं पिस्तूल घेऊन रस्त्यानें जात असेल, तर त्याविषयीं पुरावा दुभंगलेला आहे, हें आम्हांसहि मान्य आहे. पण निदर्शनाचा प्रश्न निराळा आहे. जेथें लोक जमले आहेत तेथें त्यांस धाक बसेल अशा रीतीनें हत्यार नेणें गुन्हा होता, एवढें दोन्ही पक्षांस कबूल करावेंच लागतें. इ. स. १८४३ त नॉर्थ कॅरोलिनाच्या वरिष्ठ न्यायालयानें हंटली खटल्यांत हीच रेषा आंखिली : धंद्यासाठीं वा करमणुकीसाठीं बंदूक बाळगणें हा दोष नव्हे, परंतु लोकांस भिवविण्याच्या दुष्ट हेतूनें ती बाळगणें हा गुन्हा होय. वादाचा मुद्दा उरतो तो इतकाच कीं, गर्दींत खांद्यावर रायफल घेऊन उभा असलेला मनुष्य एक शब्दहि न बोलतां दहशत उत्पन्न करितो किंवा नाहीं.

(२) शिकागोची मिरवणूक

निर्बंधाचें दुसरें मूळ निराळें आहे. तें एकट्याच्या हत्याराविषयीं नसून हत्यारबंद जमावाच्या संघटनेविषयीं आहे. इ. स. १८७७ च्या मोठ्या रेल्वे-संपाच्या वेळीं शिकागोंत पोलिसांनीं कामगारांच्या सभा उधळल्या व टर्नर सभागृहांत शिरून तेथें जमलेल्यांस झोडपलें. तेथील जर्मन कामगारांची 'लेर उंड वेर फेराइन' म्हणजे शिक्षण व संरक्षण करणारी मंडळी इ. स. १८७५ तच नोंदली गेली होती. आपल्या सभांचें रक्षण आपणच केलें पाहिजे ही तिच्या सभासदांची भावना या घटनांनीं दृढ झाली. इ. स. १८७९ त इलिनॉयच्या विधिमंडळानें कायदा करून, राज्याच्या अधिकृत सैन्यदलाखेरीज कोणत्याहि जमावानें गव्हर्नरच्या परवान्यावांचून लष्करी कवाईत करूं नये किंवा शहरांत हत्यारबंद संचलन करूं नये, असें ठरविलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत हर्मन प्रेसर नांवाचा इसम हातांत तलवार घेऊन घोड्यावर बसला आणि सुमारें ४०० रायफलधारी सभासदांच्या अग्रभागीं शिकागोच्या रस्त्यांतून निघाला. त्यास १० डॉलर दंड झाला.

एवढ्याशा दंडाचें प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें व इ. स. १८८६ च्या जानेवारींत त्याचा निकाल लागला. कोर्टानें दोन गोष्टी सांगितल्या. एक, दुसरी दुरुस्ती केवळ मध्यवर्ती सत्तेस बांधते, राज्यांस नाहीं. दुसरी, लष्करी संघटना, कवाईत व सशस्त्र संचलन हे विषय सरकारच्या नियंत्रणाखालचे आहेत. तें नियंत्रण नाकारलें तर सशस्त्र जमाव पांगविण्याची राज्याची शक्तिच नाहींशी होईल. यांपैकीं पहिलें मत इ. स. २०१० च्या मॅक्डॉनल्ड निर्णयानें रद्द झालें. दुसरें मात्र टिकून राहिलें, इ. स. २००८ च्या हेलर निर्णयानें, जेथें व्यक्तीचा शस्त्राचा हक्क प्रथम स्पष्टपणें मान्य झाला, खासगी लष्करी संघटनांवरील बंदी घटनाविरोधी नाहीं हें प्रेसर खटल्याचें सार पुनः ग्राह्य मानलें.

(३) सॅक्रामेंटोचा प्रसंग

सर्वांत प्रसिद्ध प्रसंग कॅलिफोर्नियाचा. इ. स. १९६६ च्या ऑक्टोबरांत ह्यूई न्यूटन व बॉबी सील यांनीं ओकलंड येथें ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना केली. भरलेली बंदूक उघडपणें बाळगण्यास त्या राज्यांत तेव्हां मनाई नव्हती. या कायदेशीर मुभेचा उपयोग करून पक्षाचे लोक बंदुका घेऊन पोलिसांच्या मोटारींमागोमाग जात, आणि निग्रो वस्तींत पोलिस कोणास अडवूं लागले कीं कायदेशीर अंतरावर उभे राहून त्यांजवर नजर ठेवीत. पोलिसांच्या जुलमावर देखरेख ठेवणें हा त्यांचा उद्देश होता. यावर डॉन मलफर्ड या विधानसभासदानें भरलेलीं हत्यारें सार्वजनिक ठिकाणीं बाळगण्यास बंदी घालणारें विधेयक आणिलें.

ता. २ मे १९६७ रोजीं पक्षाचीं सुमारें ३० माणसें, त्यांत ६ स्त्रिया, विधेयकाचा निषेध करण्यासाठीं सॅक्रामेंटोच्या विधानभवनावर आलीं. त्यांपैकीं अनेकांच्या हातीं बंदुका होत्या. सील यानें निवेदन वाचून दाखविलें. कांहीं मंडळी थेट सभागृहांत शिरली. त्यांनीं एकहि गोळी झाडली नाहीं. तरी या दृश्यानें देशभर खळबळ उडाली. बंदुका बाळगण्याबद्दल त्यांस धरण्यास कायद्यांत आधार नसल्यामुळें विधिमंडळाच्या कामांत व्यत्यय आणल्याचा ठपका ठेवावा लागला. गव्हर्नर रोनल्ड रेगन यांनीं त्याच वर्षीं २८ जुलैस मलफर्ड कायद्यावर सही केली. विधानभवनांत भरलेलें हत्यार आणण्यासहि मनाई झाली. रिकामी बंदूक उघडपणें बाळगण्याची मुभा मात्र राहिली. ती पिस्तुलांपुरती इ. स. २०११ च्या व रायफलींपुरती इ. स. २०१२ च्या कायद्यानें काढून घेण्यांत आली.

येथें एक गोष्ट नजरेआड करितां येत नाहीं. शिकागोंत परदेशी कामगार आणि कॅलिफोर्नियांत कृष्णवर्णीय तरुण यांनीं हत्यार उचललें, तेव्हांच विधिमंडळास कायद्याची निकड भासली. इतरांच्या हातांतील त्याच बंदुका तोंपर्यंत कोणास खुपल्या नव्हत्या. ज्यांनीं शस्त्र उचललें त्यांची तक्रार बहुतांशीं खरी होती, हेंहि नमूद केलें पाहिजे. म्हणून या निर्बंधांचें तत्त्व जुनें व सयुक्तिक असलें तरी त्यांच्या जन्माचा मुहूर्त अनेकदां भयानें व विषम दृष्टीनें ठरविला आहे, असें आमचें मत आहे.

(४) अलीकडील घडामोडी

ता. ३ नोव्हेंबर १९७९ रोजीं नॉर्थ कॅरोलिनांतील ग्रीन्सबरो येथें क्लू क्लक्स क्लॅन व नाझीपंथी यांनीं विरोधी निदर्शकांवर गोळ्या झाडून पांच जणांस ठार केलें. त्यानंतर इ. स. १९८१ त त्या राज्यानें मिरवणूक, प्रेतयात्रा, पहारा-निदर्शन किंवा सभा यांत भाग घेणाऱ्यानें, किंवा प्रेक्षक म्हणून उभें राहणाऱ्यानेंहि, घातक हत्यार बाळगूं नये असा नियम केला. सणाच्या मिरवणुकींत किंवा प्रेतयात्रेंत मालमोटारीच्या घोडीवर टांगलेली रायफल मात्र त्यांतून वगळली आहे. शिकारी ग्रामीण जीवनांतील बंदूक आणि निदर्शनांतील बंदूक यांत कायद्यानें केलेला हा भेद बोलका आहे.

ता. १२ ऑगस्ट २०१७ रोजीं व्हर्जिनियांतील शार्लट्सव्हिल येथें गौरवर्चस्ववाद्यांचा मेळावा भरला, तेव्हां रायफली घेतलेल्या खासगी पथकांचे लोक लष्करी वेषांत रस्त्यांत उभे होते. त्या दिवशीं मोटार गर्दींत घातल्यानें एका स्त्रीचा बळी गेला. पुढें शहरानें प्रेसर खटल्याच्याच तत्त्वावर या पथकांविरुद्ध दावा केला, आणि इ. स. २०१८ त त्यांनीं संघटित सशस्त्र रूपानें पुनः त्या शहरीं येऊं नये असे हुकूम मिळविले. उलट बाजूचा दाखला रिचमंडचा. ता. २० जानेवारी २०२० रोजीं तेथें २२,००० हून अधिक लोक शस्त्रहक्काच्या समर्थनार्थ जमले. गव्हर्नरनें विधानभवनाच्या आवारांत हत्यारबंदी केली होती, म्हणून हजारों लोक रायफलींसह कुंपणाबाहेर राहिले, आणि रक्तपात न होतां दिवस पार पडला. त्याच वर्षीं ३० एप्रिलला मिशिगनच्या लॅन्सिंग येथें रायफलधारी निदर्शक विधानभवनांत शिरले, इ. स. २०२१ च्या जानेवारींत तेथें उघड हत्यारांस बंदी झाली. रहीमी खटल्यांत (२१ जून २०२४) सुप्रीम कोर्टानें खुलासा केला कीं, आजच्या कायद्याचा हुबेहूब जुळा भाऊ इतिहासांत शोधण्याची गरज नाहीं. तत्त्व जुळलें म्हणजे पुरे. दहशतीनें हत्यारबंद फिरण्याविरुद्धचे जुने कायदे त्या निकालांत प्रमाण मानले गेले, हें आमच्या विवेचनाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे.

(५) एक तुलना

अमेरिकन घटनेनें जें मौन ठेविलें तें आपल्या घटनेनें ठेविलें नाहीं. ता. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या भारतीय घटनेच्या १९ व्या कलमांत एकत्र जमण्याचा हक्क 'शांततेनें व विनाशस्त्र' या दोन अटींसह दिला आहे. ही शब्दयोजना आकस्मिक नव्हती. इ. स. १९२८ च्या नेहरू रिपोर्टांत व इ. स. १९३१ च्या कराची ठरावांत विनाशस्त्र जमण्याचा हक्क आणि नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क असे दोन्ही, परंतु वेगवेगळे, मांडलेले होते. इ. स. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें झालेल्या मानहानीची आठवण त्या दुसऱ्या मागणीमागें होती. डिसेंबर १९४८ मध्यें हरि विष्णु कामत यांनीं घटनासमितींत ती मागणी पुनः मांडली; प्रत्येकास वाटेल तें हत्यार विनाअडथळा घेतां येऊं लागल्यास राज्यकारभार चालणें अशक्य होईल, अशा आशयाचें उत्तर डॉ. आंबेडकरांनीं दिलें, आणि तो हक्क घटनेंत आला नाहीं.

सारांश, अमेरिकन परंपरेंत तीन तत्त्वें स्पष्ट दिसतात : लोकांस दहशत बसेल असें हत्यार नेऊं नये, परवान्यावांचून लष्करी संघटना करून संचलन करूं नये, आणि विधानभवन, न्यायालय व निदर्शन अशा विशिष्ट स्थळीं हत्यार आणूं नये. पहिलें सातशें वर्षांचें, दुसरें दीडशें वर्षांचें. तिसऱ्याचें बीज पहिल्यांतच आहे, कारण जत्रा, बाजार व न्यायसभा यांचा नामनिर्देश १३२८ च्या कायद्यांतच आढळतो. निःशस्त्र मनुष्यास सशस्त्र मनुष्यासमोर आपलें मत मोकळेपणें बोलतां येत नाहीं, हें या तिन्हींच्या मुळाशीं आहे. परंतु ज्यांस पोलिस संरक्षण देत नाहींत त्यांच्या हातून शस्त्र काढून घेतांना, त्यांच्या सभेचें रक्षण करण्याचें दायित्व राज्यावर येतें. शिकागोंत व ओकलंडमध्यें तें दायित्व पाळलें गेलें नाहीं. परंपरेचा दाखला मागणाऱ्या न्यायालयांनीं इतिहासाची ही बाजूहि वाचावी, अशी आमची सूचना आहे.