एकाच ओतीत आठ सिलिंडर

1932 च्या 31 मार्चला फोर्डने नवी गाडी बाजारात आणली. इंजिन आठ सिलिंडरचे, क्षमता 221 घन इंच, ताकद 65 अश्वशक्ती. उघडी, दोन आसनांची रोडस्टर 460 डॉलरला मिळत होती. या आकड्यांत मला सर्वांत मोठा वाटतो तो शेवटचा. बाकीचे आकडे इतरांनी आधीच गाठले होते.

व्ही-8, म्हणजे व्ही आकारातल्या दोन रांगांत आठ सिलिंडर असलेले इंजिन, फोर्डच्या घरात जन्मलेले नाही. कॅडिलॅकने 1914 मध्येच ते विक्रीला आणले होते, आणि फोर्डने 1922 साली विकत घेतलेल्या लिंकन कंपनीच्या गाड्यांतही ते होते. पण त्या इंजिनांत सिलिंडरांच्या दोन रांगा वेगवेगळ्या ओतून क्रँककेसवर बोल्टांनी बसवत. भाग जास्त, मजुरी जास्त, म्हणून गिऱ्हाईक श्रीमंत.

1929 मध्ये शेव्हरोलेने चार सिलिंडरांच्या किमतीत सहा सिलिंडर देऊ केले. फोर्डच्या मॉडेल ए-ला चारच सिलिंडर होते आणि ताकद 40 अश्वशक्ती. हेन्री फोर्ड यांना सहा सिलिंडरचे इंजिन मुळीच आवडत नसे, म्हणून त्यांनी थेट आठावर उडी घेतली. एडिसन यांची फ्लोरिडातली जुनी प्रयोगशाळा फोर्डनी डिअरबॉर्नला आणून उभारली होती. तिथेच अभियंते कार्ल शुल्ट्झ, रे लेअर्ड आणि प्रज्वलनाची व्यवस्था पाहणारे एमिल झोअरलाइन यांनी हे काम गुपचूप केले.

खरी कसोटी लागली फाउंड्रीत. दोन्ही रांगा आणि क्रँककेस मिळून एकच तुकडा ओतायचा होता. आत पाणी खेळायला पोकळी, झडपांच्या वाटा आणि धूर बाहेर जाण्याचे मार्ग हवेत, म्हणजे साच्यात वाळूचे डझनावारी कोअर बसवावे लागणार. त्यातला एखादा ओतताना जरासा सरकला, तरी भिंत एकीकडे पातळ होते आणि ब्लॉक भंगारात जातो. सुरुवातीला असे भंगार खूप निघाले. तरीही हट्ट सोडला नाही. हजारो माणसांना परवडणारे आठ सिलिंडर या ओतकामातून आले, म्हणून या इंजिनाच्या कुळात सर्वांत वरचा मान मी फाउंड्रीतल्या कामगारांना देईन.

दोषही त्याच रचनेत होता. झडपा सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच असल्याने वरचे झाकण सपाट, आणि त्यावरून नाव पडले फ्लॅटहेड. तापलेला धूर मात्र ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या पोकळीला लागून, वळत बाहेर पडे आणि जाताजाता पाणी तापवी. त्यात पाण्याचे पंप सिलिंडरच्या झाकणांवर बसवलेले, म्हणजे ते तापलेले पाणीच ओढायचे. 1937 साली ते ब्लॉकच्या पुढच्या बाजूला आले तेव्हा थोडा आराम पडला. दरम्यान ताकद वाढतच होती: 1933 मध्ये 75, आणि नवे कार्ब्युरेटर आल्यावर 1934 मध्ये 85 अश्वशक्ती.

पुढे जुन्या फोर्ड स्वस्तात मिळू लागल्या. कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी त्या सोलून हलक्या केल्या आणि कोरड्या तलावांच्या सपाटीवर पळवल्या. व्हिक एडलब्रॉक यांच्यासारख्यांनी त्यांच्यासाठी सुटे भाग बनवण्याचा धंदाच उभारला. झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी झडपा वर नेणारी ‘आर्डन’ झाकणे याच ब्लॉकसाठी बनवली. पुढे शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट गाडीला नावारूपाला आणणारे अभियंते ते हेच.

अमेरिकेतल्या फोर्ड मोटारीत फ्लॅटहेड 1953 पर्यंत राहिले. त्या शेवटच्या वर्षी 239 घन इंचांतून 110 अश्वशक्ती निघत होती. 1954 मध्ये झडपा वर असलेले नवे व्ही-8 आले आणि तेवढ्याच 239 घन इंचांतून 130 अश्वशक्ती मिळाली.