डिजिटल छायाचित्रांची नोंदव्यवस्था

डिजिटल छायाचित्रांची नोंदव्यवस्था : छायाचित्र कोणी, केव्हा, कुठे आणि कोणाचे काढले ही माहिती चित्राच्या फाइलीत किंवा तिच्या जोडीने लिहून ठेवण्याची आणि तिच्या आधारे संग्रह लावण्याची पद्धत. या माहितीला मेटाडेटा म्हणतात. तिचा एक भाग कॅमेरा आपोआप लिहितो, दुसरा माणसाला लिहावा लागतो. संग्रहाचे मोल या दुसऱ्या भागावर ठरते आणि बहुतेक घरगुती संग्रहांत नेमका तोच कोरा असतो.

कॅमेऱ्याच्या नोंदीचे प्रमाणक ‘एक्झिफ’ या नावाने ओळखले जाते. जपानच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने ते १९९५ मध्ये आणले. तारीख, वेळ, शटर स्पीड, ॲपर्चर, लेन्सचे नाभीय अंतर आणि जीपीएस असल्यास अक्षांश-रेखांश त्यात येतात. वेळेची नोंद मात्र कॅमेऱ्याचे घड्याळ दाखवील तीच. ती कोणत्या देशाची वेळ आहे हे लिहायला २०१६ च्या २.३१ आवृत्तीपर्यंत जागाच नव्हती. त्यामुळे भारतीय वेळेवर ठेवलेला कॅमेरा घेऊन उन्हाळ्यात न्यूयॉर्कला गेलेल्याचे फोटो साडेनऊ तास पुढची वेळ दाखवतात आणि दुपारचा समारंभ मध्यरात्रीनंतरचा ठरतो. अशी चूक सबंध सहलीच्या फोटोंना एकदम दुरुस्त करता येते. फिल हार्वी यांचे ‘एक्झिफटूल’ हे मोफत साधन त्यासाठी प्रसिद्ध आहे.

फाइलीच्या नावावर विसंबणे धोक्याचे. कॅमेऱ्यांच्या फोल्डररचनेचा १९९८ चा नियम नावात शेवटी चारच अंक देतो. ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ पासून सुरू होते. म्हणून एकाच नावाचे दोन फोटो होतात आणि एका फोल्डरात उतरवताना जुना पुसला जाऊ शकतो. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नाव दिले की हा प्रश्न मिटतो, शिवाय फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

माणसाने लिहायच्या नोंदीसाठी साचा घडवला तो वृत्तसंस्थांनी. आंतरराष्ट्रीय वृत्तपत्र दूरसंचार परिषदेने (आयपीटीसी) १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मथळा, कॅप्शन, स्थळ, छायाचित्रकार, हक्क अशी खाती ठरवून दिली. ही जुनी खाती बाइटमध्ये मोजलेली आहेत : कॅप्शनला २,०००, प्रत्येक सूचकशब्दाला ६४. यूटीएफ-८ या युनिकोडच्या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, तीन बाइट घेते. म्हणजे मराठी कॅप्शन साडेसहाशेच्या आसपास चिन्हांत आणि सूचकशब्द एकवीस चिन्हांत संपवावा लागतो. एक्झिफमधील वर्णनाचे खाते तर मुळात रोमन अक्षरांपुरतेच होते. यूटीएफ-८ ला तिथे अधिकृत प्रवेश २०२३ च्या ३.० आवृत्तीत मिळाला. मराठीत लिहिणाऱ्याने म्हणून ‘एक्सएमपी’चा आश्रय घ्यावा. ॲडोबीने २००१ मध्ये आणलेला आणि २०१२ मध्ये आयएसओ प्रमाणक झालेला हा साचा पहिल्यापासून युनिकोडवर उभा आहे. त्यात नुसते वर्षही तारीख म्हणून चालते. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंसाठी ही मोठी सोय आहे, कारण तिथे लग्नाचे वर्ष तेवढे आठवत असते. स्कॅन केल्याची तारीख आणि फोटो काढल्याची तारीख ही खाती वेगळी आहेत. ती एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

काय लिहावे याबाबत घरगुती संग्रहात सर्वांत जास्त नुकसान नात्यांच्या नावांमुळे होते. ‘आई’, ‘मामा’, ‘नानी’ ही नावे लिहिणाऱ्यालाच कळतात. पुढच्या पिढीला तीच दुसऱ्या कोणाची वाटतात. पूर्ण नाव लिहावे. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे द्यावीत, नाहीतर लग्नाआधीचे आणि नंतरचे फोटो दोन निराळ्या व्यक्तींचे होऊन बसतात. ‘कुलकर्णी’ आणि ‘कुळकर्णी’ यांतले एक रूप ठरवून तेच कायम वापरावे. समूहचित्रात डावीकडून उजवीकडे, ओळीवार नावे देण्याची वृत्तपत्रांची रीत अजूनही उत्तम आहे.

नोंद कुठे राहते हे तितकेच महत्त्वाचे. गूगलने २०१६ मध्ये पिकासा हे फोटो लावण्याचे सॉफ्टवेअर बंद केले, तेव्हा जेपेग फाइलीत लिहिलेली कॅप्शने टिकली. चेहऱ्यांना दिलेली नावे मात्र मुळात फोल्डरातल्या लपलेल्या फाइलींत असत, आणि त्या मागे राहिल्या की नावेही गेली. एखाद्या ॲपच्या स्वतःच्या कोठारात लिहिलेली माहिती त्या ॲपपुरतीच जगते, म्हणून ती फाइलीत उतरवून घ्यावी. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातील एक्झिफ गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास फाइल जशीच्या तशी पोहोचते.

काही वेळा नोंद काढून टाकणेच योग्य. फरार असलेले उद्योजक जॉन मॅकॅफी यांचा ठावठिकाणा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छायाचित्रातील जीपीएस आकड्यांमुळे उघड झाला. ते ग्वाटेमालात होते. मुलांचे, घराचे किंवा दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो जगजाहीर करताना स्थळाची नोंद पुसावी, आपल्याकडच्या मूळ प्रतीत ती ठेवावी.

रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या, फाइलींची एक्सएमपी नोंद बहुधा शेजारच्या वेगळ्या फाइलीत असते. नाव बदलताना, हलवताना आणि राखीव प्रत काढताना दोन्ही फाइली बरोबरच न्याव्या लागतात. राखीव प्रतींसाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम आज सर्वत्र पाळला जातो : एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक घराबाहेर.