मांजराला पॅरासिटामॉल का देऊ नये?

मांजराचे अंग गरम लागले की घरातली तापाची गोळी द्यावी, असे अनेकांना वाटते. मात्र निरोगी मांजराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. म्हणून ते आपल्या हाताला नेहमीच गरम लागते.

पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. माणसाचे यकृत हे औषध निरुपद्रवी करते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. त्यासाठी लागणारे एन्झाइम मांजराच्या यकृतात फार कमी असते. त्यामुळे विषारी घटक साचतात, रक्तातील हिमोग्लोबिन बदलते आणि ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळीही जीवघेणी ठरू शकते.

लक्षणे : हिरड्या तपकिरी किंवा निळसर होणे, धाप लागणे, चेहरा व पंजे सुजणे, लाळ गळणे, लघवी गडद होणे.

काय करावे : गोळी पोटात गेली असेल, तर लक्षणांची वाट न पाहता मांजराला पशुवैद्यांकडे न्यावे. गोळीचे पाकीट सोबत ठेवावे. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. एन-असिटिलसिस्टीन हा यावरचा उतारा आहे. तो जितक्या लवकर मिळेल, तितकी मांजर वाचण्याची शक्यता अधिक.