ब्रुसेल्समधील मोटार-अभियांत्रिकी लॉबिंग

वाहनांचे उत्सर्जन, रस्तेवाहतूक व वाहतूकविषयक संशोधन यांबाबतची युरोपीय संघाची धोरणे आपल्याला सोयीची व्हावीत, म्हणून इंजिनआखणी, सुटे भाग, चाचणी-उपकरणे आणि तांत्रिक सल्ला या धंद्यांतील कंपन्यांनी चालविलेला संघटित पाठपुरावा. मोटार उत्पादकांच्या लॉबिंगवर वर्तमानपत्रे रकाने भरतात. या कंपन्या सहसा नजरेतून सुटतात. नियमातील मर्यादा राजकारणी ठरवतात, पण ती मोजायची कशी आणि मोजताना किती सूट द्यायची, हा भाग तंत्रज्ञांच्या हाती असतो. त्या भागातच या कंपन्यांचे वजन आहे.

ऑस्ट्रियातील ग्रात्सची एव्हीएल (स्थापना १९४८, संस्थापक हान्स लिस्ट), जर्मनीतील आखेनची एफईव्ही (१९७८) व इंग्लंडमधील रिकार्डो (१९१५) ही यांतील ठळक नावे. स्वतःच्या नावाची मोटार त्या रस्त्यावर आणत नाहीत. इतरांची इंजिने आखून देतात, तपासून देतात आणि तपासणीची यंत्रेही विकतात. ब्रुसेल्समध्ये त्या बहुधा संघटनांमार्फत बोलतात. उत्पादकांची एसीईए (१९९१) आणि पुरवठादारांची क्लेपा या उघड दबावगट म्हणून ओळखल्या जातात. संशोधनाच्या बाजूला उत्पादकांची युकार (१९९४) आणि स्वतंत्र अभियांत्रिकी कंपन्या, प्रयोगशाळा व विद्यापीठे यांची अर्पा (२००२) आहे. या सर्वांना युरोपीय आयोग व सदस्य देशांच्या प्रतिनिधींसह एका टेबलाशी बसवणारे अर्ट्रॅक हे सल्लागार मंडळ २००३ मध्ये सुरू झाले.

येथील मुख्य हत्यार म्हणजे संशोधन-आराखडा. पुढील दहा-वीस वर्षांत बॅटरी, हायड्रोजन, स्वयंचलित वाहने यांत कोणते प्रश्न सोडवायला हवेत, हे संघटना लिहून काढतात. आयोग आपला कार्यक्रम बेतताना त्या आराखड्याचा आधार घेतो आणि प्रस्ताव मागवतो. प्रस्ताव घेऊन येणाऱ्या गटांत आराखडा लिहिणाऱ्या संस्था असतातच. निवड स्वतंत्र तज्ज्ञ करतात, म्हणून याला सरळ वशिलेबाजी म्हणता येत नाही. तरी प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांपैकी काही जण परीक्षेला बसावेत, असा हा प्रकार आहे. २००८ च्या मंदीनंतर जाहीर झालेल्या ‘ग्रीन कार्स’ उपक्रमापासून ही पद्धत पक्की झाली. त्यात ५ अब्ज यूरोंचा आकडा गाजला, पण त्यातील मोठा वाटा युरोपीय गुंतवणूक बँकेच्या कर्जांचा होता. ‘होरायझन युरोप’ (२०२१–२७) या चालू कार्यक्रमात शून्य-उत्सर्जन रस्तेवाहतुकीच्या ‘टू-झीरो’ भागीदारीला संघाकडून ६१.५ कोटींपर्यंत, तर जोडलेल्या व स्वयंचलित वाहनांच्या भागीदारीला ५० कोटींपर्यंत यूरो ठेवले आहेत.

या कंपन्यांचे आणि मोटार उत्पादकांचे हित एकच, असे सरसकट धरले जाते. ते बरोबर नाही. कडक नियम उत्पादकाला खर्चात टाकतो. चाचणी-उपकरणे विकणाऱ्याला मात्र नवी बाजारपेठ मिळते. धावत्या गाडीच्या धुराड्याला जोडायच्या फिरत्या मापनयंत्रांचे उदाहरण बोलके आहे. इटलीतील इस्प्रा येथील आयोगाच्या संशोधन केंद्राने अशा यंत्रांनी डिझेल गाड्या तपासून, रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडे प्रयोगशाळेतल्यापेक्षा कितीतरी जास्त निघतात, हे २०११ मध्येच नोंदवले होते. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा उत्सर्जन-चाचणीतील घोटाळा उघड झाला आणि रस्त्यावरील चाचणी टाळणे अशक्य झाले. मग भांडण सूट किती द्यायची यावर आले. यंत्राच्या मापनातील अनिश्चिततेचा मुद्दा पुढे झाला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये सदस्य देशांच्या तांत्रिक समितीने प्रतिकिलोमीटर ८० मिलिग्रॅमच्या मर्यादेवर २.१ पट, म्हणजे १६८ मिलिग्रॅमपर्यंत, तात्पुरती सूट मान्य केली. पॅरिस, ब्रुसेल्स व माद्रिद ही शहरे न्यायालयात गेली. २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. २०२२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने, शहरांना ही दाद मागण्याचा अधिकारच नाही, असे सांगून तो रद्द केला. मूळ तांत्रिक प्रश्नावर त्या निकालात काहीच नव्हते.

वाहन-उत्सर्जनाच्या ‘युरो ७’ मानकांच्या तयारीत हा गुंता आणखी वाढला. आयोगाला सल्ला देणाऱ्या ‘क्लोव्ह’ गटात थेसालोनिकीचे ॲरिस्टॉटल विद्यापीठ व नेदरलँड्सची टीएनओ यांच्याबरोबर रिकार्डोही होती. एकच संस्था सरकारची सल्लागार आणि उद्योगाची कंत्राटदार असू शकते. इतके खोल ज्ञान बाहेर फारसे उपलब्ध नाही, हे त्याचे खरे कारण. आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मांडलेला प्रस्ताव उत्पादकांच्या आणि काही सरकारांच्या विरोधाने सौम्य झाला. २०२४ च्या अंतिम नियमात मोटारींच्या धुराड्याच्या मर्यादा बहुतांशी ‘युरो ६’ च्याच राहिल्या. ब्रेक व टायरमधून झडणाऱ्या कणांचा विचार मात्र नव्याने आला. या घडामोडी भारतालाही लागू पडतात. एप्रिल २०२० पासूनची ‘भारत स्टेज ६’ मानके ‘युरो ६’ च्या धर्तीवर आहेत आणि पुण्याच्या ‘एआरएआय’ मध्ये त्यांनुसार गाड्या तपासल्या जातात.

पारदर्शकतेसाठी आयोग व संसद यांची लॉबिस्टांची संयुक्त नोंदवही २०११ पासून आहे; २०२१ च्या करारान्वये मंत्रिपरिषदही तीत आली. आयुक्त, त्यांचे सहायक व महासंचालक यांच्या लॉबिस्टांशी झालेल्या भेटी डिसेंबर २०१४ पासून जाहीर होतात आणि २०२५ पासून हे बंधन इतर व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांवरही आले. आराखड्यातील परिच्छेदांवर रोजचे काम करणारे कनिष्ठ तांत्रिक अधिकारी त्यात मोडत नाहीत.