पुणे मातृपोषण अभ्यास

पुणे मातृपोषण अभ्यास हा गर्भवतीचा आहार आणि तिच्या अपत्याचे पुढील आयुष्यातील चयापचय आरोग्य यांचा संबंध तपासणारा दीर्घकालीन अभ्यास आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेह संशोधन विभागाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुणे शहरानजीकच्या सहा खेड्यांत तो सुरू केला. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील संशोधकांचा त्यात सहभाग होता. वजन आणि आहारातील उष्मांक यांवरून चयापचयाची खरी स्थिती कळत नाही, हे रक्तातील जैवसूचकांच्या आधारे दाखवून दिल्यामुळे तो विशेष ओळखला जातो.

पार्श्वभूमी

भारतीयांना तुलनेने कमी वयात आणि कमी वजन असतानाही मधुमेह होतो. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता, मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आढळले.

हा फरक जन्मापासूनच असतो. अभ्यासातील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउथॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याकडील बाळांचे स्नायू आणि पोटाचा घेर बराच कमी होता. पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून कृश, आतून मेदयुक्त अशा या बाळांच्या माता स्वतः सरासरी ४२ किलोच्या आसपास वजनाच्या होत्या.

आहार आणि जैवसूचक

काय खाल्ले हे विचारून आहार मोजणे बेभरवशाचे असते. भाकरीची जाडी, कालवणातले तेल, घाईत घेतलेला चहा यांचा हिशोब कोणी ठेवत नाही. शिवाय खाल्लेले सगळे अंगी लागतेच असे नाही. म्हणून आहाराच्या नोंदींबरोबर रक्तही तपासण्यात आले. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे त्यांतील फॉलेट मागील काही महिन्यांचे पोषण सांगते. पेशींना ब-१२ जीवनसत्त्व अपुरे पडल्यास मिथिलमॅलोनिक आम्ल वाढते. ब-१२ किंवा फॉलेट कमी पडल्यास होमोसिस्टीन वाढते.

मातांनी घेतलेल्या उष्मांकांचा किंवा प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध आढळला नाही. दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे यांचा आढळला. तांबड्या पेशींतील फॉलेटनेही त्याला दुजोरा दिला.

सहाव्या वर्षीची तपासणी

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अधिक अनपेक्षित होते. दोन तृतीयांश मातांमध्ये गरोदरपणी ब-१२ कमी होते आणि ९० टक्के मातांमध्ये मिथिलमॅलोनिक आम्ल वाढलेले होते. तांबड्या पेशींतील फॉलेटची कमतरता केवळ एकीत आढळली. मुले सहा वर्षांची झाल्यावर उपाशीपोटीची रक्तशर्करा व इन्सुलिन यांवरून त्यांचा इन्सुलिन-प्रतिरोध काढण्यात आला. ज्या मातांचे ब-१२ सर्वांत कमी आणि फॉलेट सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांत तो सर्वाधिक निघाला. मांसाहार क्वचित आणि दूध बेताचे असलेल्या आहारात ब-१२ तुटपुंजे मिळते, तर फॉलेट पालेभाज्यांतून व गरोदरपणी मिळणाऱ्या लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्यांतून येते.

हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. गरोदरपणी फॉलिक आम्ल घेऊ नये असा अर्थ त्यातून काढणे तर सर्वस्वी चुकीचे आहे. बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मदोष टाळण्यात त्या गोळीचा उपयोग निर्विवाद आहे.

पुढील टप्पा

कार्यकारणभाव तपासण्यासाठी २०१२ मध्ये 'प्रिया' ही चाचणी सुरू झाली. मूळ अभ्यासातील मुले-मुली तोवर किशोरवयात आली होती. त्यांतील काही गटांना रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्यात आले, एका गटाला त्यासोबत इतर सूक्ष्मपोषकेही. गर्भधारणेनंतर नव्हे, तर त्याआधीच भावी माता-पित्यांचे पोषण सुधारल्यास त्यांच्या बाळांवर काय परिणाम होतो, हे पाहणे हा तिचा उद्देश होता.